बिननावाचा वॉर्ड

८ ऑगस्ट ८९, मंगळवार

आज परत बैठक विश्रामगृहावर. दवाखान्याची सल्लागार समिती, आणि दवाखान्यात एकदाही बसलेली नाही. मला नेमल्याला वर्ष होत आलं. आज बटाटेवडे होते, गरम.

या वहीत बैठकीतल्या कोणाचं नाव लिहायचं नाही असं ठरवलंय. नावांचा वीट आलाय. अध्यक्ष म्हणजे आमदार, ते अ. चिकलठाण्याच्या कारखान्याचे मालक ते शेठ. दवाखान्याचे डॉक्टर ते डॉ. बाकीचे दोघं मान हलवायला असतात, त्यांच्यावर शाई घालवत नाही. मी 'महिला व मागासवर्गीय प्रतिनिधी'. एका खुर्चीत दोन कामं उरकली. मला कोणी निवडून दिलेलं नाही. अ. नी यादीत घातलं, कारण मोर्च्यांमुळं वस्तीत माझं ऐकतात, आणि शाळेत शिकवते म्हणून सही नीट करते.

नवा बाळंतपणाचा वॉर्ड होळीपासून बांधून तयार आहे. शेठनी बांधून दिला, खाटाही आणून ठेवल्या. आणि दाराला कुलूप. दाराशेजारी संगमरवरी फरशी बसवलीय, तिच्यावर एक अक्षर नाही. वरून सॅटिनचा पडदा, ओढायच्या दोरीसकट. का, तर नाव ठरत नाही. शेठना वडिलांचं हवं. अ. ना स्वतःच्या आईचं. मान हलवणाऱ्यांपैकी एकाला एका संतांचं, म्हणजे कोणी भांडायला नको.

विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. अ. म्हणाले, "शहरात वातावरण तंग आहे. नावाचा विषय नाजूक असतो, बाई, तुम्हाला काय सांगायचं." आणि हसले. मीही हसले बहुतेक. घरी येऊन दात घासले.

१२ ऑगस्ट, शनिवार

शाळा सकाळची. सुटल्यावर तशीच दवाखान्यात. न कळवता गेले. कळवून गेलं की फिनेलचा वास येतो आणि चादरी बदललेल्या असतात.

जुन्या वॉर्डात एका खाटेवर दोघी. बाकीच्या व्हरांड्यात खाली, सतरंजीवर, आपापल्या घरून आणलेल्या. पावसाचं पाणी आत आलेलं. एक कुत्रं बायांच्या पायांवरून उड्या मारत हिंडत होतं, कोणी हाकलतही नव्हतं. तिथून वीस पावलांवर नवा वॉर्ड. खिडकीच्या काचेला नाक लावून पाहिलं. खाटा ओळीनं, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. भिंती पिवळ्या. पंखे.

चौकीदार कादरभाई म्हणाला, "चाबी मेरेकने नै बाई. आमदार साब के बंगले पे है."

दवाखान्याच्या दाराची किल्ली बंगल्यावर. डॉ. ना विचारलं. ते म्हणाले, "उद्घाटनाशिवाय वापरायचं नाही असं तोंडी सांगितलंय. लेखी काही नाही." "मग तोडा कुलूप." "बाई, मला अजून नोकरी करायचीय." माणूस वाईट नाही. पण अशा वाईट नसलेल्या माणसांची मला आता चीड येते.

१४ ऑगस्ट, सोमवार

पुष्पा आली. खुलताबादकडच्या गावाहून, सासू बरोबर. माझ्या मेलेल्या बहिणीची एकुलती एक. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि तिला माहेर म्हणजे मीच. सातवा चालू आहे. पाय सुजलेत.

सासू म्हणाली, "तुमी दवाखान्याच्या कमिटीत हायेत म्हनून आनली. तिथं वळख असंल तर लई बरं व्हतं."

मी हो म्हटलं. काय म्हणणार.

२२ ऑगस्ट, मंगळवार

दारात रोज कोणी ना कोणी. "बाई, चिठ्ठी द्या." चिठ्ठी दिली की खाट मिळते असं सगळ्यांना ठाऊक आहे. अ. ची चिठ्ठी सगळ्यांत चालते, मग शेठची, मग मान हलवणाऱ्यांची. माझीही चालते, जरा कमी. म्हणजे समिती कशासाठी आहे ते मला आत्ता कळलं. चार खाटा चिठ्ठीवाल्यांना, आणि बिनचिठ्ठीचीला व्हरांडा.

आज एकीला नाही म्हटलं. मी चिठ्ठी दिली तर कोणाला तरी उठवून तुला निजवतील, असं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुमी कमिटीत कशाला हायेत?" बरोबर आहे तिचं.

२ सप्टेंबर, शनिवार

महिला मंडळाची बैठक आमच्या ओट्यावर. कौसाबाई तावातावानं बोलली. कौसाबाई म्हणजे वस्तीच्या त्या टोकाला राहते, बांधकामावर जाते. नामांतराच्या सत्याग्रहात आम्ही दोघी हर्सूलच्या जेलात एका चटईवर झोपलो. तिला एक फटका डोक्यात बसला होता, अजून तिथं केस येत नाहीत.

तिचं म्हणणं, वॉर्डला आपल्याकडून नाव गेलं पाहिजे. "समदे आपापल्या बापाचं नाव दिऊ ऱ्हायलेत. आपुन का मागं ऱ्हायचं? इद्यापीठाला देत नाईत, निदान बाळंतिनीच्या खोलीला तरी द्या म्हनावं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. नाव एकमतानं ठरलं. ते बैठकीत मांडायचं माझ्यावर.

खरंच मांडायचं होतं मला.

१४ सप्टेंबर, गुरुवार

दवाखान्यातली सिस्टर शाळेत येऊन सांगून गेली. व्हरांड्यातल्या एका बाईचं मूल गेलं. मिटमिट्याकडची कोणी. जन्मलं तेव्हा रडलं होतं, म्हणे. पहाटे पावसाची झड आली, भिजलं, गार पडलं.

आज मुलांना पाढे म्हणायला लावून खिडकीत उभी राहिले. शिकवलं काहीच नाही.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

बैठक. विश्रामगृह. आज कांदाभजी.

मी आल्या आल्या कालच्या मुलाचं बोलले. डॉ. खाली बघत राहिले. अ. म्हणाले, "फार वाईट झालं. नोंद घ्या." आणि पुढचा विषय, नामकरण. शेठ वडिलांच्या समाजकार्यावर बोलायला लागले. अ. आपल्या आईच्या कष्टांवर. दोघांचेही डोळे भरून आले. मग अ. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईंनीही एखादं नाव आणलं असेलच. सांगा, चौथं सांगा." बाकीचे हसले. एकाच्या तोंडातून भज्याचा कण टेबलावर पडला.

ते हसणं ऐकून मंडळानं ठरवलेलं नाव माझ्या ओठावर येईना. त्या तोंडांसमोर ते नाव काढायचंच नव्हतं मला. मी म्हटलं, "नाव नको. कोणाचंच नको. आधी कुलूप काढा. बायांना खाट पाहिजे. नावाचं नंतर बघू."

अ. नी टेबलावर थाप मारली. "वा. बाईंनी तोडगा काढला. ठराव लिहा, वॉर्ड बिननावाचा राहील, सूचक बाई." शेठचा चेहरा पडला. डॉ. नी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

रिक्षात बसल्यावर मला वाटलं, जिंकले. पुष्पाला सांगितलं, तुझं बाळंतपण नव्या खाटेवर.

१७ सप्टेंबर, रविवार

मुक्तिदिनाचा कार्यक्रम. मी तिसऱ्या रांगेत. सकाळच्या पेपरात मथळा: 'नाव नको, काम हवे: मागासवर्गीय प्रतिनिधीचीच भूमिका'. 'नंतर बघू' कुठंच नाही. बातमी कोणी दिली ते विचारायची गरज नाही.

अ. भाषणात म्हणाले, "त्यांच्याच एक भगिनी, आज इथं बसल्या आहेत, त्या म्हणाल्या की नावात काय आहे. मग विद्यापीठाच्या नावासाठी गेली इतकी वर्षं हे शहर वेठीला का धरलं?" टाळ्या. लोक वळून वळून माझ्याकडे बघत होते, कौतुकानं. एक धोतरवाले आजोबा येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. "तुमच्यासारख्या समजूतदार बाया पाहिजेत तुमच्या समाजात."

बाहेर येऊन नाल्यापाशी ओकले.

१८ सप्टेंबर, सोमवार

नळावर कौसाबाई भेटली. मी काही बोलायच्या आत म्हणाली,

"हर्सूलला काय नावाचं नंतर बगू म्हनून गेलतो का आपुन?"

मी म्हटलं, अगं मूल मेलं होतं, मला त्यांच्यासमोर... तिनं हंडा उचलला. "तुला समजंना झालं का, मास्तरीन? ते तुझ्या तोंडानं बोलू ऱ्हायलेत." आणि गेली. नळावर बाकीच्या बाया हंडे भरत राहिल्या. माझा हंडा कोणी पुढं सरकवला नाही.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू चुकलीस असं नाही. पण बोललीस ते त्यांना पाहिजे होतं तेच." नवऱ्यानं मध्यस्थासारखं बोललेलं मला अजिबात आवडत नाही. जेवले नाही.

२६ सप्टेंबर, मंगळवार

कुलूप अजून तसंच. आज त्याहून पुढची तऱ्हा. शेठच्या कंपनीचा टेम्पो आला, बंगल्यावरून किल्ली आली, वॉर्ड उघडला, आणि खाटा प्लास्टिकसकट टेम्पोत चढवल्या. पंखेही उतरवले. परत कुलूप. कादरभाई सांगत होता, "बाया उठ के देखने लगे, उनकू लगा अंदर सुलाते." म्हणजे व्हरांड्यातल्या बाया आपापली गाठोडी घेऊन उभ्या राहिल्या होत्या.

वडिलांचं नाव नाही तर खाटा नाहीत, एवढं साधं गणित. दान केलेली वस्तू परत नेता येते हे मला ठाऊक नव्हतं. अ. ना फोन लावला, शाळेच्या ऑफिसातून. "शेठ दुखावलेत, बाई. तुमच्या ठरावामुळं." माझ्या!

हे शेठच्याच कंपनीत आहेत. संध्याकाळी आले ते तोंड वाकडं करून. खाटा गोडाऊनमध्ये लावल्यात. दुपारच्या सुट्टीत दोन सुपरवायझर त्यांच्यावर पंखा लावून झोपले होते.

१० ऑक्टोबर, मंगळवार

विजयादशमी. सगळे लेण्यांवर. दरवर्षी मी आणि कौसाबाई पायऱ्या बरोबर चढतो, तिचे गुडघे आणि माझा दमा. यंदा ती पुढं निघून गेली. वर वंदनेला बसलो तेव्हा मधे चार बाया सोडून बसली होती. तिच्या डोक्यावरची केस नसलेली ती जागा दिसत होती. वंदना चालू असताना मला रडू आलं. कोणी पाहिलं नाही, पाहिलं असेल तर विचारलं नाही.

खाली विद्यापीठाचं गेट दिसतं. शहरात आता भिंतींवर शहराचंच नाव बदला म्हणून रंगवलंय. रंगवा.

पुष्पाचे दिवस भरत आलेत.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

आज बंद. विरोधकांचा. शाळा नाही, रिक्षा नाही, दुकानं नाहीत. आणि पुष्पाला आजच सकाळी कळा सुरू झाल्या.

चालतच निघालो. मी एका बाजूला, तिची सासू मागं गाठोडं घेऊन. हे पहिल्या पाळीला गेलेले. वस्तीच्या त्या टोकाला आलो तेव्हा पुष्पा खाली बसायला लागली. कौसाबाई दारात तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं, उठली, आणि पुष्पाची दुसरी बाजू धरली. मग तिच्यामागं शेजारच्या दोघी. तिघी. दवाखान्यापर्यंत आमची मिरवणूकच झाली.

व्हरांडा भरलेला. परतीचा पाऊस आडवा लागत होता. बाया भिंतीला चिकटून. डॉ. म्हणाले, "इथं जागा नाही. घाटीच्या मोठ्या दवाखान्यात न्या." मी म्हटलं, कशानं नेऊ? दवाखान्याची गाडी होती, ती अ. च्या कार्यकर्त्यांसाठी मागवून घेतलेली, बंदमुळं.

पुष्पा ओरडली. तिचे डोळे पांढरे झाले. मला ते गार पडलेलं मूल आठवलं, जे मी पाहिलेलंही नाही.

कौसाबाईनं कोणाकडंच न बघता विचारलं, "कंची खोली ती?" मी दाखवली. ती पावसात गेली, दारासमोर उभी राहिली, पडदा एका हातानं वर करून कोरी फरशी बघितली. मग बांधावरचा एक धोंडा उचलून आणला. पहिला घाव घसरला, कुलूप हलत होतं.

"धर की," ती म्हणाली. महिन्याभरानं माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

मी कुलूप दोन्ही हातांनी दाराशी दाबून धरलं. तिनं धोंडा घातला. माझ्या बोटाला लागलं, तरी धरून ठेवलं. तिसऱ्या का चौथ्या घावाला कडी निघाली. कादरभाई फाटकाकडे तोंड करून बिडी ओढत होता. डॉ. आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सिस्टर मात्र ट्रे घेऊन सरळ आत आली. तिनं कोणाला विचारलं नाही.

खाटा नाहीत. पण कोरडं. आमच्या बायांनी लुगड्यांचे पदर पसरले, सतरंज्या आणल्या. व्हरांड्यातल्या बायाही एकेक करून आत आल्या. दुपारी पुष्पा सुटली. मुलगी. बारीक आहे, पण रडते ठणठणीत.

कौसाबाई भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. ती माझ्या बोटाकडं बघून म्हणाली, "हळद लाव."

२० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सगळ्यांना बाहेर काढलं. परत व्हरांडा. नवं कुलूप, पहिल्यापेक्षा मोठं. पुष्पाला ताप आहे, तिला घरी आणली. बाळाच्या अंगावर ह्यांचा जुना बनियन गुंडाळलाय.

शेजारणी येतात, नाव काय ठेवायचं विचारतात. मी म्हटलं, मला विचारू नका.

२३ ऑक्टोबर, सोमवार

समितीची नोटीस. एकच विषय, दवाखान्याच्या मालमत्तेची नासधूस. 'संबंधित व्यक्तींची नावे महिला प्रतिनिधींनी सादर करावीत.' मूल गेलं तेव्हा 'नोंद घ्या'. कुलूप गेलं तर तातडीची बैठक, तीन दिवसांत. थू.

डॉ. नी लिहून दिलंय की ते आपल्या खोलीत होते.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

अ. स्वतः शाळेत आले. हेडमास्तर खुर्ची पुसायला धावले. मुलांसमोर माझी विचारपूस केली, बोटाला काय झालं म्हणून. मग व्हरांड्यात नेऊन,

"बाई, तीन-चार नावं द्या. मजूर बाया असतील त्या. होत काही नाही, कागदापुरतं. मी शेठशी बोललोय, खाटा परत येतील. दिवाळीच्या आत वॉर्ड उघडू. निवडणूक आलीय, मलाही उघडायचाच आहे."

"आणि नाही दिली तर?"

"मग पोलीस चौकशी. चौकशी चालू असताना वॉर्ड कसा उघडणार? बायांचे हाल होतील. तुम्हालाच काळजी आहे ना त्यांची?"

काळजी! ज्या तोंडानं आईच्या कष्टांवर रडला त्याच तोंडानं. आणि घाण अशी की बोलतो ते खोटं नाही. मी नावं दिली तर वॉर्ड उघडेल. थंडी सुरू होईल आता. व्हरांड्यात अजून किती मुलं गार पडतील, ते माझ्यावर टाकून गेला.

मजूर बायांना पोलिसांत नेलं की काय करतात ते मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. म्हणून तर 'कागदापुरतं' म्हणाला.

२५ ऑक्टोबर, बुधवार

कोणाला बोलले नव्हते. ह्यांनाही नाही. पण हेडमास्तरांच्या शिपायाचं घर आमच्याच वस्तीत. कौसाबाई संध्याकाळीच आली, दिवे लागायच्या आत. पुष्पाच्या डोक्याला हात लावून पाहिला. ताप उतरलाय. बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाली,

"नावं मागितलीत व्हय?"

मी हो म्हटलं.

"मंग दे की. वार्ड उघडतोय तर. माझं पैलं लिव्ह. समद्यात वर."

मी म्हटलं, वर माझं. कुलूप मी धरलं होतं.

"धोंडा कुनी घातला? नुसतं धरल्यानं काय तुटतं व्हय?"

"पण समितीत मी आहे."

"म्हनून काय पैलं तुझंच? त्या आमदारागत बोलू नको."

इतक्या दिवसांनी आम्ही दोघी भांडत होतो, मोठ्यानं, आणि पुष्पा कुशीवर वळून हसत होती. चहा गार झाला. मग त्या दिवशीच्या बाया एकेक करून आल्या. शेजारच्या दोघी, तिघी, मग व्हरांड्यात होती त्यांतली एक, मूल काखेत घेऊन. सगळ्यांचं एकच, आमचंही घाल. पुष्पाची सासू म्हणाली, "माझं बी. म्या सतरंजी आथरली व्हती."

लिहायला बसले. अजून कागद कोराच आहे. वर कोणाचं, ते मिटलं नाही.

बैठक उद्या अकराला, विश्रामगृहावर. तिथं सभासदाशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. कौसाबाईला सांगितलं तसं. ती बाळाला माझ्याकडं देत म्हणाली, "फाटकाला कुलूप हाय का?"